छत्तीस तबकड्यांचा दसरा

ज्या दुकानाच्या नावाने सहा वर्षं बोटं मोडली, त्याच दुकानाच्या बंद दारासमोर, रांगेत पहिल्या नंबरावर, झब्बा घालून उभं राहायची वेळ प्रबोध आगटेवर दसऱ्याच्या सकाळी साडेनऊला आली. झब्बा मोरपंखी होता. निदान रंग तरी जरा कमी उठावदार असायला हवा होता असं त्याला फार वाटत होतं, पण सुचित्राने, म्हणजे त्याच्या बायकोने, सणासाठी तोच इस्त्री करून ठेवला होता. आणि शरण जाताना माणसाने काय घालावं याबद्दल आपल्याकडे कुणी काही लिहून ठेवलेलं नाही.

त्या दुकानाचं नाव हार्गा हाउस. हार्गा म्हणजे मलय भाषेत किंमत, आणि त्या चार मजल्यांवर किंमतीशिवाय दुसरं काही बोललंच जात नसे. फ्रीज, टीव्ही, पंखे, भाताचे कुकर, आणि एका कोपऱ्यात संगीत. आधी सीड्या ठेवायचे, मग रेकॉर्डची फॅशन परत आल्यावर रेकॉर्ड्स ठेवू लागले. रेकॉर्ड विकून त्यांना काही मिळवायचं नव्हतंच. रेकॉर्ड तोट्यात विकायची आणि ती घ्यायला आलेल्या माणसाच्या गळ्यात फ्रीज मारायचा, एवढंच त्यांचं संगीतप्रेम. प्रबोधला हे जमण्यासारखं नव्हतं, कारण त्याच्याकडे मारायला फ्रीज नव्हता. सिटी हॉलजवळच्या एका जुन्या शॉपिंग सेंटरमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, घड्याळं दुरुस्त करणारा आणि पासपोर्टचे फोटो काढणारा यांच्या मधल्या बोळकांडीएवढ्या जागेत त्याचं ‘प्रबोध रेकॉर्ड्स’ होतं. तिथे तीन गिऱ्हाइकं एकदम आली तर प्रबोधला बाहेर जाऊन उभं राहावं लागे. अर्थात असे प्रसंग फार येत नसत.

तर हा माणूस शत्रूच्या दारात कसा पोचला, त्याला कारण झाला बुधवारी आलेला एक ई-मेल. त्याची सुरुवात ‘डिअर व्हॅल्यूड पार्टनर’ अशी होती. धंद्यात कुणी आपल्याला व्हॅल्यूड पार्टनर म्हणालं की समजावं, सुरी फिरलेली आहे, फक्त आपल्याला अजून कळलेलं नाही. मेल घाऊक पुरवठादाराचा होता आणि विषय होता टेम्बुसु फाइव्ह.

टेम्बुसु फाइव्ह ही सदुसष्ट सालातली इथलीच पाच पोरं. तीन गिटार, एक ड्रम, एक गाणारा. त्यांनी एकच तबकडी काढली, सहा महिने पोरींना नाचवलं, आणि मग एक गोदीत लागला, एक विमा विकू लागला, बाकीच्यांची लग्नं झाली. तबकडी बाजारातून नाहीशी झाली. पन्नास वर्षांनी, म्हणजे त्या दोन हजार सतराच्या दसऱ्याला, तिची नवी आवृत्ती यायची होती, आणि ती निघावी म्हणून ज्यांनी रेकॉर्ड कंपनीला पत्रं लिहून भंडावून सोडलं त्यात प्रबोध पहिला होता. कॉलेजात असताना त्या गाण्यांवर नाचलेली आणि आता गुडघ्यांना पट्टे बांधून हिंडणारी मंडळी त्याच्या दुकानात येऊन चौकशी करायची. त्याने वहीत नावं लिहून घेतली होती. छत्तीस. आणि प्रत्येकाला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की शनिवारी संध्याकाळी पाच वाजता या, तुमची प्रत बांधून तयार असेल.

मेलमध्ये म्हटलं होतं की पहिली सगळी खेप एका मोठ्या दुकानाने उचलली असून व्हॅल्यूड पार्टनरांना सहा आठवडे थांबावं लागेल. मोठं दुकान कुठलं हे सांगायची गरज नव्हती. हार्गा हाउसची जाहिरात त्याच दिवशी पेपरात होती. जाहिरातीतली किंमत वाचून प्रबोधने चष्मा पुसला. जी रेकॉर्ड त्याला घाऊकात मिळणार होती, तीच तिथे रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाला त्याहून तीन डॉलर स्वस्त मिळत होती. आकडा तसाच राहिला तेव्हा त्याने चष्मा पुन्हा पुसला.

हे संकट एरवीचं असतं तर चार दिवस चिडचिड करून संपलं असतं. पण दुकानाचा भाडेकरार संपत आला होता. पुढच्या दोन वर्षांच्या कराराला जामीन म्हणून सुचित्राची सही लागायची आणि उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. सुचित्रा रॅफल्स प्लेसला एका बँकेत जोखीम खात्यात होती. कुठलं कर्ज कधी बुडेल हे आधी ओळखणं हे तिचं काम, आणि ती नजर पुंगोलला घरी आल्यावर चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवता येत नसे. ई-मेल वाचून ती शांतपणे म्हणाली की अकरा वर्षं मी काही बोलले नाही. हे तितकंसं खरं नव्हतं, पण प्रबोधने वाद घातला नाही. ती पुढे म्हणाली की दुकानाची खरी गिऱ्हाइकं म्हणजे ही छत्तीस माणसं. तीही शनिवारी हार्गा हाउसकडे गेली तर माझी सही विसर. प्रबोधने विचारलं, आणि नाही गेली तर? ती म्हणाली, तर बघू. वीस वर्षांच्या संसारात ‘तर बघू’ या उत्तराचे जेवढे अर्थ त्याला समजले होते, त्यांतला एकही फारसा उत्साहवर्धक नव्हता.

अशा वेळी मराठी माणसाला दुसरा मराठी माणूस सल्ला द्यायला हजर होतोच. निशिकांत देवस्थळी बुओना व्हिस्टाला एका आयटी कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता आणि इथल्या मराठी मंडळाचा कार्यवाह होता. म्हणजे दिवसा पगारी आणि रात्री बिनपगारी तो एकच काम करायचा, दुसऱ्यांना तारखा देण्याचं. त्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मग त्यांच्याकडूनच घे की. घाऊक बाजार म्हणजे काय, जिथे सगळ्यात स्वस्त मिळतं तो घाऊक बाजार. प्रबोध म्हणाला की उपाशी मरेन पण त्या दारात पाय ठेवणार नाही. निशिकांतने विचारलं की मग शनिवारी पाच वाजता छत्तीस माणसांना काय दाखवणार आहेस, बाणा?

गुरुवारी दुपारी प्रबोध टेहळणीला गेला. ओळखू येऊ नये म्हणून त्याने टोपी आणि सुचित्राचा गॉगल घातला होता. हार्गा हाउसमध्ये त्याला कुणी ओळखत नव्हतं ही गोष्ट त्याने हिशेबात धरली नव्हती, कारण सहा वर्षं ज्याच्याशी आपण युद्ध करतोय त्याला ते माहीतच नसेल ही कल्पना फार अपमानकारक असते. रेकॉर्ड्सचा कोपरा टेबलफॅन आणि तेलाविना तळायच्या यंत्रांच्या मध्ये होता. तबकड्या आडव्या, एकावर एक, धोब्याच्या गठ्ठ्यासारख्या रचलेल्या. प्रबोधला ते बघवेना. त्याने दोन-चार उभ्या केल्या. मग वरची रांग नीट लावली. मग कलाकारांच्या नावाप्रमाणे लावली. तेवढ्यात एका बाईने त्याला विचारलं की नवऱ्याच्या वाढदिवसाला जुनं काही हवंय, काय घेऊ? आणि प्रबोधने, केवळ सवयीने, नवरा काय ऐकतो, सकाळी की जेवणानंतर, अशी चौकशी करून तिला दोन रेकॉर्ड्स काढून दिल्या. बाई खूश होऊन हार्गा हाउसच्या काउंटरकडे गेली. एक सेल्सगर्ल येऊन म्हणाली की अंकल, तुम्ही नवीन का, बिल्ला कुठाय?

तिथून पळताना त्याने पाटी वाचली. टेम्बुसु फाइव्ह, शनिवारी साडेदहापासून, एका माणसाला फक्त दोन.

छत्तीस भागिले दोन हा भागाकार निशिकांतने ऐकल्याबरोबर त्याचा आवाज बदलला. अठरा माणसं, तारीख ठरलेली, जागा ठरलेली. हे तर त्याचं हातखंडा काम होतं. अर्ध्या तासात एक्सेलचा तक्ता आला. त्यात चौदा रकाने होते. दोन राखीव माणसं होती. शनिवारी मंडळाचा दसऱ्याचा कार्यक्रम निशिकांतच्या बुओना व्हिस्टातल्याच कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, हॉलमध्ये होता, तेव्हा सगळ्यांनी तयार होऊनच रांगेत यायचं, दोन-दोन रेकॉर्ड घ्यायच्या, प्रबोधच्या दुकानात अठरा माणसं मावणार नाहीत म्हणून तशाच एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, बुओना व्हिस्टाला जाऊन हॉलमधल्या टेबलावर जमा करायच्या, नावापुढे खूण करायची, आणि तीन वाजता सगळा माल एका टॅक्सीतून प्रबोधच्या दुकानी. व्हॉट्सअॅपवर गटही झाला. गटात पहिल्या तासात आलेले प्रश्न असे होते: हार्गा हाउसला पार्किंग फुकट आहे का; आपल्याला एक रेकॉर्ड घेतली तर चालेल का, कारण दुसऱ्या हातात श्रीखंडाचा डबा असेल; आणि तिथे मिक्सरवर किती सूट आहे. एका गृहस्थांनी चिंचेच्या औषधी गुणांवर मोठा मजकूर पाठवला. तो चुकून आला असावा असं प्रबोधला वाटलं, पण त्याला तीन जणांनी अंगठे दिले होते.

असा तो शनिवार उजाडला आणि मोरपंखी झब्बा रांगेत उभा राहिला. त्याच्यामागे जरीच्या साड्या, नथी, फेटा बांधलेला एक हौशी लेखापाल आणि निशिकांतची आई सविताकाकू. काकूंचा तक्त्यातला क्रमांक नववा. सत्तरी ओलांडलेली बाई, पण कुणी खुर्ची दिली तर रागवायची.

आता या शहराचा एक स्वभाव आहे. रांग कशाची आहे हे इथे लोक नंतर विचारतात, आधी उभे राहतात. इतकी माणसं ज्या अर्थी उभी आहेत त्या अर्थी पुढे काहीतरी चांगलं आणि स्वस्त आहे, हा पुरावा त्यांना पुरतो. त्यात ही रांग नटूनथटून आलेली. पावणेदहाला मागे दहा अनोळखी माणसं होती, सव्वादहाला शंभर, साडेदहाला दोनशे. एका आजोबांनी सविताकाकूंना विचारलं की काय मिळतंय. काकूंनी मराठीत सांगितलं की आज दसरा आहे. आजोबांनी समाधानाने मान डोलावली आणि बायकोला फोन करून बोलावून घेतलं. हार्गा हाउसचा मॅनेजर, तेओ नावाचा तरुण गृहस्थ, दार उघडून बाहेर आला, रांग बघून परत आत गेला आणि दोऱ्या, खांब आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन आला. त्याचा चेहरा लग्नघरातल्या मुलीच्या बापासारखा झाला होता.

साडेदहाला दार उघडलं. प्रबोधचा बेत असा होता की खाली मान घालून दोन तबकड्या घ्यायच्या, पैसे टाकायचे आणि सटकायचं. पण तो पहिला होता, आणि पहिल्या गिऱ्हाइकाचा सत्कार करायचा असं तेओच्या मनाने नुकतंच घेतलं होतं. टाळ्या झाल्या. पुठ्ठ्याचा एक मोठा पिवळा अंगठा प्रबोधच्या हातात देण्यात आला. त्यावर ‘आमच्याहून स्वस्त कोणी नाही’ असं इंग्रजीत छापलेलं होतं. एका बाजूला तेओ, मध्ये मोरपंखी झब्बा, वर अंगठा, असा फोटो निघाला आणि तो रांगेतले उरलेले सतरा लोक आत येईपर्यंत हार्गा हाउसच्या फेसबुक पानावर झळकलासुद्धा. प्रबोधच्या मुलीने, मैत्रेयीने, तो घरबसल्या पाहून लगेच मेसेज केला: ‘पपा, यू लुक व्हेरी हॅपी, सिया.’ ‘सिया’ हे कुणाचं नाव नव्हे, इथल्या पोरांचं ‘की हो’.

पण रेकॉर्ड्स मिळाल्या. बरोबर छत्तीस. चार जणांनी त्याखेरीज भाताचे कुकर घेतले आणि फेटेवाल्या लेखापालाने टेबलफॅन, पण ते तक्त्याबाहेरचं होतं. मंडळी प्रबोधच्या दोन तबकड्यांसकट पिशव्या घेऊन एमआरटीकडे गेली. प्रबोधने दुकान उघडलं आणि दुपारभर तो, खोटं कशाला सांगा, आनंदात होता. अपमान झाला होता, पण शब्द राहिला होता. त्याने छत्तीस कागदी पिशव्यांवर छत्तीस नावं आपल्या बऱ्यापैकी अक्षरात लिहिली.

तिकडे हॉलमध्ये काय झालं, ते कुणा एकाची चूक म्हणता येणार नाही. टेबलावर रेकॉर्ड्स नीट मांडल्या होत्या, बाजूला कुकर होते, पंखा होता. निशिकांत लेझीमवाल्यांना वेळापत्रक समजावत होता. सुचित्रा आत श्रीखंड वाढून ठेवत होती. आणि सविताकाकू पूजेचं ताट घेऊन सरस्वतीच्या तसबिरीकडे निघाल्या असताना त्यांना ते टेबल दिसलं. दसऱ्याच्या दिवशी आणलेल्या नव्या वस्तू, त्यातून गाण्याच्या, आणि कुणी त्यांना साधं कुंकूसुद्धा लावलेलं नाही. आजकालच्या पोरांना काही सांगायची सोय नाही असं मनाशी म्हणून त्या कामाला लागल्या. प्लास्टिकवरून कुंकू लावण्याला त्यांच्या हिशेबी अर्थ नव्हता. पाहुण्याच्या रेनकोटला कुणी अत्तर लावत नाही. म्हणून त्यांनी फळं कापायची सुरी घेतली आणि छत्तीसही वेष्टनं काढली. मग कुंकू नीट ओलं करून प्रत्येक कव्हरवर, उजव्या कोपऱ्यात वर, मधल्या बोटाने एक ठसठशीत टिळा लावला. वर हळद. वर अक्षता. एकेक झेंडूची पाकळी. कुकर आणि पंखा यांनाही त्यांनी वगळलं नाही. त्या चौदा रकान्यांत सगळं होतं, फक्त निशिकांतच्या आईच्या पूजेसाठी रकाना नव्हता.

माल घेऊन तीन वाजता निशिकांत यायचा होता. चार वाजता सुचित्रा आली. जांभळी पैठणी, दोन्ही हातांत पिशव्या, आणि चेहऱ्यावर बुडीत कर्जाची बातमी आणणाऱ्या माणसाचा भाव. तिने एक तबकडी काढून काउंटरवर ठेवली. प्रबोधने ती पाहिली. मग दुसरी पाहिली. मग तो स्टुलावर बसला.

रेकॉर्ड जमवणाऱ्या माणसांविषयी इथे सांगायला हवं. ही माणसं कव्हरचा कोपरा कागदाच्या जाडीइतका दुमडलेला असला तरी दुसरी प्रत मागतात. काही जण वेष्टन कधी फोडतच नाहीत. एक वाजवायला आणि एक न वाजवायला अशा दोन घेतात. त्यांच्या हातात वेष्टन काढलेली, ओल्या कुंकवाने माखलेली, तांदूळ चिकटलेली प्रत द्यायची होती, आणि तीसुद्धा एका तासात.

निशिकांतचा फोन आला. त्याने आधी आईच्या वतीने माफी मागितली, मग लगेच चार उपाय सांगितले. ओल्या रुमालाने पुसावं. प्रबोधने एकावर करून पाहिलं. टिळा होता तो ढग झाला. कोपऱ्यावर गोल स्टिकर चिकटवावेत. नाहीतर सांगावं की ही भारतासाठीची खास आवृत्ती आहे, मर्यादित प्रती, आणि किंमत वाढवावी. घड्याळवाल्याने डोकावून सांगितलं की नेलपॉलिश काढायचं औषध वापरून बघ. फोटोवाला म्हणाला की हवं तर कोपरा संगणकावर साफ करून देतो; मग तो स्वतःच थोडा वेळ विचारात पडला आणि निघून गेला.

प्रबोध म्हणाला की मी काही पुसणार नाही आणि काही चिकटवणार नाही. जे झालं ते सांगेन. सुचित्राने विचारलं, सगळं? तो म्हणाला, सगळं, अंगठ्यासकट. त्याचा आवाज चढलेला होता. सकाळपासून दाबलेला अपमान आता कुठूनतरी बाहेर पडणारच होता. तो म्हणाला की त्यांच्या दारात उभा राहिलो, त्यांचा अंगठा धरला, आता खोटं बोलून माल विकला तर मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय उरला, भाडं तेवढं मला जास्त जड जातं.  सुचित्राने पदर खोचला आणि पिशव्या नावाप्रमाणे लावू लागली.

पाचाला पाच कमी असताना मिस्टर कोह आले. वहीतलं पहिलं नाव. निवृत्त शाळामास्तर, खिशात भिंग घेऊन हिंडणारे. टेम्बुसु फाइव्हची मूळ प्रत त्यांनी तरुणपणी घेतली होती आणि कॅम्पाँगातलं, म्हणजे जुन्या खेड्यातलं, घर सोडून सरकारी फ्लॅटमध्ये सामान हलवलं तेव्हा ती हरवली होती. चाळीसेक वर्षं ते ती शोधत होते. हातात मूनकेकचा डबा होता, कारण त्यांचाही सण चार दिवसांवर आला होता, आणि मागे बोळात आणखी दहा-बारा डोकी दिसत होती.

प्रबोध उठून उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. पुरवठादाराने फसवलं, म्हणून मी या प्रती हार्गा हाउसमधून विकत आणल्या. तो फेसबुकवरचा माणूस मीच. त्यांची किंमत ही. माझी किंमत वहीत लिहिलेलीच राहील, कारण त्यांच्या किंमतीत मला दुकान चालवता येत नाही. वेष्टन काढलंय, लाल रंग निघणार नाही. तिथे गेलात तर कोरी प्रत स्वस्तात मिळेल, आणि तुम्ही गेलात तर मी राग धरणार नाही. हे शेवटचं वाक्य खोटं होतं, पण तेवढं चालायचं.

मिस्टर कोहनी भिंग काढलं. टिळा पाहिला. अक्षत नखाने हलवून पाहिली. कव्हर नाकाजवळ नेलं. उदबत्तीचा वास होता. मग विचारलं की हे कुणी लावलं. प्रबोधने सांगितलं की मित्राच्या आईने. आज आमच्याकडे कामाच्या आणि नव्या वस्तूंची पूजा करतात. तबकड्या छत्तीस गिऱ्हाइकांसाठी आल्यात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, वस्तू नवीन आहे एवढंच माहीत होतं.

“देअर वन,” हार्गा हाउसच्या प्रतींबद्दल मिस्टर कोहनी इथल्या इंग्रजीत विचारलं, “गॉट प्रे ऑर नॉट?”

“नो,” प्रबोध म्हणाला.

“देन धिस वन बेटर, लाह.”

आणि त्यांनी पैसे काढले. पैसे देताना ते म्हणाले की आमची आईसुद्धा घरात काही नवं आलं की आधी लाल कागद चिकटवायची. रेडिओला, शिलाई यंत्राला, एकदा तर माझ्या कपाळाला. पदरी पडलं पवित्र झालं हे आपण मराठीत म्हणतो. मिस्टर कोहनी ते न म्हणता डबा प्रबोधच्या हातात दिला आणि तबकडी छातीशी धरून गेले.

सगळेच काही मिस्टर कोह नव्हते. एकाने टिळा बघून हात मागे घेतला. एक बाई म्हणाली की माझ्या धर्मात हे बसत नाही, आणि प्रबोधने मान हलवली. एका तरुणाने दोन्ही दुकानांच्या किंमतीतला फरक फोनवर काढून दाखवला आणि आभार मानून गेला. आणखी एक जण काही न बोलता गेला, तो मनाला सगळ्यात जास्त लागला. एक आलाच नाही. पण बाकीचे येत राहिले, प्रत्येकाला प्रबोधने पहिल्यापासून सगळी कथा सांगितली, आणि विसाव्या गिऱ्हाइकापासून ती कथा जरा रंगूही लागली. पावणेसातला सुचित्राने वही बघितली. एकतीस गेल्या होत्या. पाच कागदी पिशव्या उरल्या होत्या.

“पाच गेले,” ती म्हणाली.

“एकतीस राहिले,” प्रबोध म्हणाला.

यावर काय व्हायचं ते झालं असतं, पण तेवढ्यात दारात हार्गा हाउसचा मॅनेजर तेओ उभा राहिला. त्याच्या काखेत तो अंगठेवाला फोटो होता, फ्रेम केलेला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की पहिलं गिऱ्हाईक म्हणजे रेकॉर्डवाला आहे. घड्याळवाला आणि फोटोवाला भांडण बघायला आपापल्या दारात येऊन उभे राहिले. तेओ मात्र भांडायला आलेला नव्हता. त्याने गुरुवारचं कॅमेऱ्यातलं चित्रण पाहिलं होतं, त्यात एक टोपीवाला अंकल त्याचा कोपरा विनावेतन लावून देताना दिसत होता, आणि शनिवारी त्याच अंकलच्या मागे दोनशे माणसं उभी होती. वरच्या कचेरीला हे फार आवडलं होतं. त्यांनी सांगून पाठवलं होतं की दुकान बंद करून आमच्याकडे या, संगीत विभागाचे प्रमुख व्हा. महिन्याचा ठरलेला पगार, औषधपाण्याचा खर्च, वर्षाला अठरा दिवस रजा.

अशा प्रसंगाचं उत्तर प्रबोधकडे तयार होतं. सहा वर्षं आंघोळ करताना तो ते घोकत आला होता. इंग्रजीत होतं, तीन भागांचं होतं. पहिल्या भागात संगीत म्हणजे काय, दुसऱ्यात दुकान म्हणजे काय, आणि तिसऱ्यात नुसता बाणा. त्याने स्टुलावरून उठून झब्बा खाली ओढला आणि घसा साफ केला.

“हा विभाग चालला नाही तर?” सुचित्राने विचारलं. तेओ प्रामाणिक होता. तो म्हणाला की रेकॉर्डसाठी लोक येतात तोवर विभाग आहे. यायचे थांबले की तिथे कॉफीची यंत्रं लावायची. सुचित्राने विचारलं की मग हे दुकान कुठे असेल. तेओने खांदे उडवले, कारण हे दुकान तेव्हा नसेल हे उघडच होतं. जोखीम खात्यातल्या बाईने आजवर नवऱ्यासाठी जे जे मागितलं होतं, पगार, औषधं, रजा, ते सगळं समोर काउंटरवर येऊन पडलं होतं. प्रबोधने तिच्याकडे बघितलं आणि तो परत स्टुलावर बसला.

“मिस्टर तेओ,” ती म्हणाली, बँकेतल्या इंग्रजीत आणि अगदी खालच्या आवाजात, “हे दुकान बंद करायचं झालंच तर ते मी करीन. तो मान मी अकरा वर्षं राखून ठेवलाय. तुम्हाला मिळणार नाही.”

मग तिने पर्समधून घडी केलेला करार काढला, कुंकवाने लाल झालेल्या काउंटरवर पालथ्या पदराने जागा पुसली आणि तिथेच, त्याच्या देखत, जामिनाच्या ओळीवर सही केली. तेओ आदबीने वाकला. जाताना फ्रेम ठेवून गेला. सुचित्राने ती त्याच्यामागे धावत जाऊन परत दिली.

एवढं सगळं मनासारखं झाल्यावर माणसाने खूश असावं.  पण दुकानाचं शटर प्रबोधने नेहमीपेक्षा जोरात ओढलं. एमआरटीत जागा मिळाली तरी तो बसेना. सुचित्राने दोनदा विचारल्यावर त्याने सांगितलं की त्या माणसाला नाही म्हणायचा अधिकार त्याचा होता. सहा वर्षांची तयारी होती. तीन भाग होते. आणि ती मध्येच दोन वाक्यांत सगळं उरकून मोकळी झाली. सुचित्राने पैठणीचा पदर सावरून शेजारची जागा मोकळी केली आणि म्हणाली की पुंगोल यायला अजून बराच वेळ आहे, मला सांग.

तो बसला. आधी फक्त पुटपुटला, कारण डब्यात माणसं होती, सगळी आपापल्या फोनमध्ये. सेरंगून स्टेशन आलं तेव्हा तो ‘संगीत म्हणजे काय’ या पहिल्या भागातच होता.

“जोरात बोल,” सुचित्रा म्हणाली. “नीट ऐकू येत नाहीये.”

आणि मोरपंखी झब्ब्यातला तो गृहस्थ चालत्या गाडीत उभा राहिला, त्याने वरचा दांडा धरला, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.